माझ्या जागेवर लिन

मी घर सोडलं ते लोणंदच्या बकरी बाजारातून. माझ्या बास्केटबॉलच्या कोच मॅडम सांगलीहून गाडी घेऊन मुंबईच्या विमानतळाकडं निघाल्या होत्या आणि मला वाटेत लोणंदला घेणार होत्या. आप्पांना मेंढरं विकायला बाजारात जायचंच होतं. मग वेगळी गाडी कशाला, म्हणून म्हसवडपलीकडच्या आमच्या गावातून मी पिकअपमध्ये बसून आले. मागं मेंढरं, पुढं ड्रायव्हरशेजारी आप्पा, आई आणि मी दाटीवाटीनं, माझे गुडघे पार हनुवटीला टेकलेले. खाली उतरले तर बाजारातली माणसं जनावरं सोडून माझ्याकडं बघायला लागली. सव्वासहा फूट पोरगी त्यांनी कुठं बघितलेली असणार. एक म्हातारा म्हणाला, "आवं, ही बी इकायला आनलीया का?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

गाडी आली तेव्हा आप्पा एवढंच बोलले, "आंग धर, कोमे. काडीवानी गेलीस, तशीच काडीवानी परत ईऊ नगंस." आणि आई म्हणाली, "कुनी समोर बसलं आसंल तर येकटी खाऊ नगंस." आमच्यात आजोबांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. रानात तीन दगडांच्या चुलीपाशी जो कोणी येईल, ओळखीचा असो नसो, आधी त्याच्या हातावर भाकरी आणि मग आपल्या, ही रीत. आता मेंढरं थोडी राहिली, डाळिंबाची बाग झाली, पण रीत गेली नाही. एक म्हणाले खा, दुसरी म्हणाली आधी दे. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मात्र दोघांनीही सांगितलं नाही.

सांगलीच्या हॉस्टेलमधल्या पोरींनो, तुमच्यातल्या निम्म्या आता लग्न करून बसल्यात, काही बंगळुरूला, एक दुबईला. ग्रुपवर तुम्ही अजून विचारता, "ती चिनी पोरगी अजून खेळते का गं?" मी कशी आहे हे नंतर विचारता. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

पोलंडमधल्या त्या लहान शहरातल्या क्लबनं आम्हाला दोघींना चाचणीला बोलावलं होतं. परदेशी खेळाडूची एकच जागा शिल्लक होती आणि एकाच खोलीत आम्ही दोघी, मी आणि लिन. लिन माझ्याहून चांगली चार बोटं उंच आणि माझ्याहून बारीक. पहिल्याच दिवशी कोचनं दोघींना शेजारी उभं केलं आणि सांगितलं, खेळ तुम्हा दोघींना येतो, पण बास्केटखाली धक्का बसला की दोघी उडून पडता. जी अंग धरेल, तिला ठेवतो. हा माणूस लोणंदला येऊन आप्पांना भेटून गेला की काय, असं मला वाटलं.

लिनवर मी पहिल्या आठवड्यापासूनच जळत होते. खोटं कशाला बोलू. तिचे आई-बाप दोघं खेळाडू. ती लहान असताना तिच्या हाताच्या हाडांचे फोटो काढून डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरगी लय उंच होणार, आणि त्या दिवशी म्हणे घरात गोडधोड झालं. माझी उंची वाढायला लागली तेव्हा आमच्या घरात आत्या रडली होती, हिला नवरा कुठून आणायचा म्हणून. शाळेत मी शेवटच्या बाकावर, लग्नात फोटोला मागं, तेही "जरा वाकून हुबी ऱ्हा." लिन चालते ती ताठ. मी आजही रस्त्यानं चालताना खांदे पाडते. तिच्या मापाचे बूट कंपनी बनवून पाठवायची. सांगलीत मी बाप्यांच्या चपला घालून काढले ते दिवस तुम्हाला आठवत असतील.

मग आईचं पार्सल आलं. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, मेथी आणि तूप हात सैल सोडून घातलेलं. बाळंतिणीचे लाडू ते, पण आईच्या मते अंग भरायला दुसरं काही नाही. डबा उघडला आणि समोरच्या पलंगावर लिन बसलेली. काय करणार? पहिला लाडू तिच्या हातावर ठेवला. तिनं वास घेतला, चावला, डोळे मिटले आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. मेथीचा कडवटपणा माणसांना आवडत नाही म्हणतात. हिला आवडला.

त्यानंतर रोज सकाळी लिन तोंड धुऊन त्या डब्यासमोर येऊन बसायची. डबा लपवून ठेवावा असं मनात यायचं. पण एकटीनं खायला बसले की आई दारात उभी आहे असं वाटायचं आणि मीच लिनला हाक मारायचे. आणि आईला फोनवर सांगितलं तर तिनं काय करावं? पुढच्या वेळी दुप्पट लाडू पाठवले. "ती बी कुनाची तरी लेक हाय की गं. किती वाळलीया." व्हिडिओ कॉल लागला की माझ्याआधी विचारायची, "ल्हिन कुठं हाय?" लिन स्क्रीनसमोर यायची, दोघी एकमेकींच्या भाषेचं अक्षर न कळता हसत बसायच्या आणि मी मोबाइल धरायला.

लाडू लागले ते लिनला. खांदे भरले, मांड्या भरल्या, धक्का मारला तर उलट मारणारीच मागं सरकायला लागली. मी तेच खाऊन तशीच्या तशी. माझ्या अंगात ते जायचं कुठं, देव जाणे. क्लबनं लिनला करारावर घेतलं. माझ्या आईनं माझ्या जागेवर लिनला आपल्या हातानं पोसून बसवलं, हे मी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. आप्पांना कळवलं.  ते म्हणाले, "बरं. मग आता?" आता काय, परत कशी जाणार? अंग कुठं धरलं होतं? खालच्या लीगमधल्या एका क्लबात जागा मिळाली, सकाळी बेकरीत काम, दुपारी शाळेतल्या पोरांना शिकवायचं. अजून तेच करते.

लिनचं तरी कुठं सरळ झालं म्हणा. पहिल्या मोठ्या सामन्यात दोन दांडग्या बायांनी तिला मधे चेंगरलं आणि ती दोनदा आडवी पडली. मी प्रेक्षकांत होते आणि मला बरं वाटलं. पण तिच्या देशातल्या लोकांनी तिच्या पडण्याचे व्हिडिओ फिरवले, अगरबत्तीची काडी म्हणाले. काडी हा शब्द तिनं मला भाषांतर करून सांगितला, तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं. वर्षभर बाकावर बसवून क्लबनं तिला सोडलं. मग स्पेन, मग तुर्कस्तान. कुठं गुडघा, कुठं कोचशी पटेना. प्रत्येक ठिकाणाहून ती माझ्या आईला फोन करायची. मला आईकडूनच तिची खबर लागायची, याचाही राग यायचा.

यंदा तुर्कस्तानातला करार संपला आणि घरी जाता जाता व्हिसाची खटपट करून ती आमच्या गावी गेली. माझ्या गावी, माझ्याआधी. माझे पोलंडमधल्या वास्तव्याचे कागद नव्यानं करायला टाकलेत, ते हातात येईपर्यंत मला देश सोडता येत नाही. आईनं फोटो पाठवले. लिन मेंढरांत उभी, लिन आप्पांचं पागोटं घालून, लिन चुलीपुढं मांडी घालून. मी एकेक फोटो मोठा करून बघितला.

ती गेल्यावर आप्पांचा फोन आला. आप्पा स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, "कोमे, दार काढलं." मला काही कळेना. आमच्या घराची चौकट बुटकी. पोरवयापासून मी आत-बाहेर करताना वाकत आले, विसरले की कपाळाला टेंगूळ. आप्पा म्हणायचे, वाकायला शिक. लिन पहिल्याच दिवशी ताठ आत गेली, थाडकन डोकं आपटलं आणि तिथंच उंबऱ्यात बसली. मग मोबाइलवर भाषांतर करून तिनं आप्पांना विचारलं, तुमची मुलगी एवढी उंच आहे, मग दार लहान का ठेवलंत?

आप्पा म्हणाले, "ती हाय तवरच गवंडी बोलावला. भित्ताड फोडलं, चौकट वर घेतली. तू कवा बोलली न्हाईस गं." मी म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं न्हाई."  त्यावर ते आवाज बारीक करून म्हणाले, "कशी हाईस तशी ये. काडी तर काडी."

पोरींनो, या फोनची मी किती वाट बघितली ते तुम्हाला माहीत आहे. कागद आले की निघणार आहे. मात्र फोन ठेवल्यावर मी रडले ते आनंदानं, असं म्हणणार नाही. माझ्या मापाचं दार आमच्या घराला झालं आणि त्यातून पहिल्यांदा ताठ मानेनं आत गेली ती लिन.