मागच्या कपाटातली पाच सीलं

पंपांच्या कारखान्यात सुटे भाग सांभाळणाऱ्या माणसाला सगळे स्टोअरकाका म्हणत. तीस वर्षं काकांनी एक नेम पाळला होता. कुठलाही भाग असो, त्याचे पाच नग मागच्या कपाटात जायचे आणि ते कुठल्याच वहीत नसायचे. चोरी म्हणाल तर एक वायसरसुद्धा कधी घरी गेला नाही. माणसानं हातचं राखून असावं, एवढंच.

मग विक्री विभागातून फोन यायचा, "काका, घोडं अडलंय. पंपाचं एखादं सील निघेल का?"

"बघतो," काका म्हणायचे. कपाट चार पावलांवर, पण दहा मिनिटं लावायचे. झटक्यात दिलं तर त्याची किंमत काय राहिली? त्या दिवशी घरी दोन घास जास्त जायचे आणि काकू विचारायच्या, "आज कुणाला तारलंत?"

मग कारखान्यात नवी संगणक प्रणाली आली. शिकवायला आलेला साहेब म्हणाला, "विक्री, खरेदी, स्टोअर, सगळ्यांना एकच आकडा दिसेल. गिऱ्हाइकाला जागच्या जागी उत्तर मिळेल. धंदा पुढे जातो तो असा." काकांनी मान डोलावली. निम्मं डोक्यावरून गेलं होतं. वहीतले आकडे त्यांनी बिनचूक भरले. कपाट वहीत नव्हतं, म्हणून ते भरलं नाही, आणि यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

फोन मात्र येईना. पंधरा दिवसांनी काकांनी माणूस बोलावून तार तपासून घेतली. तार ठणठणीत होती.

एके दिवशी विक्रीतली मुलगी सही घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, "डेअरीवाल्यांचा पंप बंद पडला होता. सील नव्हतं, नाही म्हणून सांगितलं. त्यांनी दुसरीकडून आणलं. आता वर्षाचं कामही तिकडेच देतील म्हणे."

काकांचा हात सहीवरच थांबला. पाच सीलं त्यांच्या पाठीमागे, हात लांबवला असता तर लागली असती. काखेत कळसा, गावाला वळसा.

"मला का नाही विचारलंस?"

"स्क्रीनवर शून्य होतं ना, काका."

ती सहज बोलली, पण काकांना ते लागलं. यंत्र खोटं बोललं म्हणावं, तर त्याला खोटं सांगितलं कुणी? आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक हातचं चाललं ते राखून ठेवल्यामुळे? राखून ठेवलं म्हणूनच तर इतकी वर्षं टिकलं होतं. काकांना काही कळेना. घरी जेवताना त्यांनी भातावर दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि ते एकेक भाग स्क्रीनवर चढवू लागले. यंत्र दर वेळी कारण विचारायचं. खाली तीनच कारणं होती: नवा माल, परत आलेला माल, मोजणीत चूक. 'अडीअडचणीसाठी' असं कुठेच नव्हतं. ज्याची मोजणी तीस वर्षांत एका नगानं चुकली नाही, त्या माणसानं 'मोजणीत चूक' एक्केचाळीस वेळा निवडलं.

आठवड्याभरात यंत्रातून आपोआप चिठ्ठी निघाली: सील, एक नग, डेअरी. त्यांचा दुसरा पंप अडला होता, आणि या वेळी त्यांना मिनिटात होकार गेला होता. मालक म्हणे खुशीत होते, प्रणालीचा खर्च वसूल झाला म्हणून.

काकांनी सील काढलं, पुसलं, गाडीवाल्याच्या हाती दिलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण धड नाही. मग त्यांनीच विक्रीत फोन लावला.

"सील निघालं बरं का."

"हो काका, दिसलं स्क्रीनवर."

"हं," काका म्हणाले. "तरी म्हटलं, सांगावं."