किती वर्षांपासून ओळखता

माझी बायको अबोल होती, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ती गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. "गरीब गाय. कधी चार शब्द जास्त बोलली न्हाय." लोक मान हलवायचे. शेजारची बाई तेवढी माझ्याकडं बघत राहिली होती. ते मला आत्ता आठवतंय.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं सोलापुरात मागावर टॉवेल विणण्यात जन्म गेला. शेडात मागाच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही. तिथं हातानं बोलायचं. दोन बोटं म्हणजे चहा. पंजा वर केला की माग बंद. चाळीस वर्षांत कान निम्मे गेले, हात तेवढे बोलत राहिले.

माझी नात कॉलेजात मानसशास्त्र शिकते. दोन वर्षांमागं तिनं आजीकडून एक फॉर्म भरून घेतला होता. माणसाचा स्वभाव मोजायचा म्हणे. एकेक वाक्य आणि त्याच्यापुढं पाच चौकटी, 'अजिबात नाही'पासून 'अगदी बरोबर'पर्यंत. तसलाच दुसरा फॉर्म जवळच्या माणसानं भरायचा होता, म्हणजे मी. मी म्हणलं, "स्वभाव मोजायला त्यो काय टॉवेल हाय?" आणि चपला घालून बाहेर गेलो. माझा फॉर्म कोराच राहिला.

ही जाऊन आता आठ महिने झाले. परवा नात वह्या आवरत होती, तर ते दोन्ही कागद निघाले. हिनं पेन दाबून बरोबरच्या खुणा केलेल्या, पार कागदाच्या मागनं उमटलेल्या. मी म्हणलं, "माझा भरून घे."

"आता कशाला, आजोबा?"

"घे म्हणतो ना."

कशाला ते तिला सांगितलं नाही. आता घरात हिचा विषय कुणी काढत नाही. तेवढंच हिच्याविषयी बोलायला मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

सगळ्यात वर विचारलं होतं, नातं काय. नवरा. किती वर्षांपासून ओळखता. सत्तेचाळीस. हे मी छाती काढून सांगितलं.

मग ती वाचत गेली, मी सांगत गेलो. लोकांत बोलायला आवडतं? अजिबात नाही. चेष्टामस्करी करते? नाही. नवीन ठिकाणी जायला आवडतं? कुठलं, घर सोडायची नाही ती. कुठंच अडलो नाही मी. शेवटी नात दोन्ही कागद शेजारी ठेवून आळीपाळीनं बघायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही."

मीच कागद ओढून घेतला. खुणा बघायला शाळा लागत नाही. लोकांत बोलायला, अगदी बरोबर. चेष्टामस्करी, अगदी बरोबर. माझी खूण या टोकाला, तर हिची त्या टोकाला. एवढं मोठं वाक्य वाचून ही चुकली असणार, असं मी म्हणलं. नात म्हणाली, "मीच वाचून दाखवलं होतं, आजोबा. आजी हसत होती."

मग तिनं पुस्तकातलं सांगितलं. स्वभावाबद्दल मोठमोठ्या माणसांचं एकमत नाही. एक म्हणतो, माणूस लहानपणीच घडून जातो. दुसरा म्हणतो, स्वभाव पाच मापांत बसतो आणि जन्मभर फारसा हलत नाही. तिसरा म्हणतो, तसं काही नसतं. ज्या वागण्याला शाबासकी मिळते ते माणूस पुन्हा करतो, ज्याला फटका बसतो ते सोडून देतो. म्हणून एकच माणूस दोन जागी दोन तऱ्हेचा असतो.

"मी हिच्यावर कधी हात उचलला न्हाय," मी म्हणलं.

"मी कुठं तसं म्हणाले?"

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी शेजारच्या बाईकडं गेलो. ती तेलुगू, विणकरांच्या घरातली. दोघी गल्लीतल्या बायकांबरोबर दुपारी ओट्यावर चादरीच्या कडेच्या दशांना गाठी मारत बसायच्या. मी विचारलं, "आमची म्हातारी बोलायची का हो तुमच्याशी?"

"बोलायची?" ती कपाळाला हात लावून हसली. "अण्णा, पोटात दुखायचं हसून. सगळ्या गल्लीच्या नकला करायची. तुमची तर लई भारी."

"माझी?"

"चपला घासत चालायची तुमच्यासारखी. आणि आमच्यातली कोण मधी बोलली की असा पंजा वर करायची. म्हणायची, 'बास! माग बंद!' आमी लोळायचो की."

तिनं पंजा वर करून दाखवला. हुबेहूब माझा. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं, पंजा तिनं पदराखाली घेतला.

कामावरनं आलो की कानात शेड चालूच असायची. ही काहीतरी सांगायला यायची आणि मी पंजा वर करायचो. थांब, असं. दोन-चार वर्षं ती येत राहिली असंल. मग यायची थांबली. माग दांडा ओढला की परत चालू होतो, बाई होत नाही. आणि ती गप्प झाली ते मला बरंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगू? घर शांत आहे, बायको गुणाची आहे, असं मी गावभर सांगितलं.

संध्याकाळी नात आली. मी तिला फॉर्म मागितला. सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे सत्तेचाळीस खोड."

"मग काय लिहू?"

मी बोट तिथंच ठेवलं. ती जवळ बसून बोलायला लागली. आजोबा, असं नसतं, आजीचं तुमच्यावर... एवढंच ऐकलं आणि माझा पंजा वर गेला. आपोआप गेला. मी चटकन खाली घेतला.

"बोल," म्हणलं. "बोल पोरी, ऐकतोय."

पण ती गप्प झाली होती. हात मांडीखाली दाबून मी तसाच बसून राहिलो, ती परत बोलंल म्हणून.