मालक दुसऱ्यांदा मागं राहिले

तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली माझी नात होती. सून होती, पण ती ज्वारी निवडायली होती, तिचं ध्यान अर्धंच. नातीची येलदरीची मैत्रीण होती, ती फोनातून बोलायची. तिला मी अजून डोळ्यानं बघितलं न्हाई. एक मेंढरू होतं. आन मालक होते. नावं सांगत न्हाई. मालकाचं नाव आमच्यात बाईनं घ्यायचं नसतंय, मग बाकीच्यांची तरी कशाला घ्यायची. मी सांगायले, नात लिहायली.

मालक होते म्हणलं, त्याचा खुलासा करते. मालक वारले तवा ही नात जन्मली पण नव्हती. ते होते म्हणजे फोनातल्या गेममधी होते. त्यात आभाळात फिरायचं जहाज असतंय. जहाजावर नातीची दोन माणसं, मैत्रिणीची दोन. एकेका चंद्रावर उतरायचं, बरफ खणायचा, त्याचं पाणी करायचं, हवा करायची, पुढं निघायचं. लय अवघड गेम हाय म्हणती नात. माणूस मेला की मेला, परत उठत न्हाई. मी म्हणलं, ह्यात अवघड काय, आमच्यात बी तसंच हाय.

माणसाचं तोंड त्यात आपणच बनवायचं असतंय. नात म्हणली, "आज्जी, आबा कसे दिसायचे गं?"

आता आमच्या घरी मालकाचा एक बी फोटो न्हाई. मतदानाच्या कार्डाला फोटो काढणारा गावात आला तवा ते मेंढरं घेऊन बाहेर. पालमच्या बाजारात फोटोवाला होता, तर म्हणायचे, "मला कोण वळखत न्हाई का? कागद कशाला?" मी बी कधी मागं लागले न्हाई. रोज समोर बसून भाकर खाणाऱ्याचा फोटो कोण काढतंय?

तर मी सांगत गेले आन नात बोटानं नाक सरकवत गेली. अजून रुंद कर. एवढं न्हाई, बैलाचं झालं. जरा डावीकडं वाकव. दोन दुपारी नुसत्या नाकात गेल्या. सून म्हणली, "आत्याबाई, मला बघायला आलत्या तवा माझं नाक एवढं बघितलं नव्हतं तुमी."

"बघितलं असतं तर तू इथं असतीस का?" मी म्हणलं.

तिसऱ्या दुपारी नातीनं डोळ्याखाली एक रेघ ओढली आन मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मालकच होते. फेटा तेवढा नव्हता, गेममधी मिळत न्हाई. डोक्यावर काचेचं टोपडं होतं.

तवापासून जेवण झालं की मी पाण्याच्या टाकीच्या सावलीला नातीजवळ जाऊन बसायची. रेंज तिथंच येती. मालक बरफ खणायचे, मी बघायची. जिते असताना सांगितलेलं काम एवढं गुमान कधी केलं नव्हतं त्यांनी.

मेंढरू एका चंद्रावर मागं लागलं. सहा पायांचं, पण लोकर चांगली. मैत्रीण म्हणली ते नुसतं शोभेचं हाय, त्याचा काही फायदा न्हाई. नातीनं तरी जहाजात घेतलं. मेंढरावाल्याची पोर ती.

मग त्या दिवशी एका बरफाच्या चंद्रावर वादळ उठलं. फोनातून मैत्रीण वरडायली, "निघा, निघा, जहाज फुटंल!" आमच्यात तळ उठवला की पाय उचलायच्या आधी मोजायचं. मी मोजलं.

"थांब. एक कमी हाय."

"सगळे आत हायत, आज्जी."

"मेंढरू कुठंय?"

मैत्रीण फोनातून म्हणली, "आजी, ते मोजायचं नसतंय हो!"

"बाई, ज्याला पाणी पाजलं ते मोजायचं असतंय."

नात म्हणली, "आबाच दाराजवळ हायत. पण त्यांच्यापाशी हवा थोडीच राहिलीय. पाठवू?"

"पाठव," मी म्हणलं.

का म्हणलं ते सांगते. लय वर्षांमागं देवगाव फाट्याच्या अलीकडं एका वावरात मालकाला ताप चढला. पुढच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलेला. मालक म्हणले, तू हो पुढं, मी उद्या येतो. मी कळप घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते आले न्हाईत, तरी मी फिरले न्हाई. म्हणलं, येतील, कुठं जातेत. तिसऱ्या दिवशी निरोप आला. म्हणून ह्या बारीला माघारी फिरायचंच, असं मी ठरवलं.

मालक धुरळ्यात गेले. मी टाकीपाशी उभी राहून मेंढराला हाक घातली, गळ्यातून काढायची असती तशी. सुनेची शेळी दाव्यासकट पळत आली. फोनातली मैत्रीण म्हणली, "कोण वारलं?"

अजून कोणी वारलं नव्हतं. मग तीच म्हणली, "अगं, ते जनावर तर इथं जहाजातच हाय. पिपाच्या आड झोपलंय."

माझ्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्या डोळ्याकडच्या बाजूला ते झोपलं होतं. मेंढराची जातच तशी. आपण रान पालथं घालावं आन ते कळपातच रवंथ करत बसलेलं.

नातीनं मालकाला माघारी वळवलं. आले, बराच दम धरून आले. इथून हापशापर्यंत हाय तेवढं अंतर राहिलं आन बरफ खणलेल्या खड्ड्याजवळ खाली बसले. मग आडवे झाले. वादळ दारात आलं. नात माझ्या तोंडाकडं बघायली.

मी म्हणलं, "चल पुढं."

एकदा मी माघारी फिरले न्हाई म्हणून मालक गेले. एकदा माघारी पाठवलं म्हणून गेले. तिसऱ्या बारीला काय करायचं असतंय ते कोणी शहाण्यानं सांगावं.

नात दोन दिवस धड जेवली न्हाई. सून म्हणली, "मेलेला माणूस मेला म्हणून सुतक धरलंय दोघींनी. आता दहावा बी घाला."

"भात टाक," मी म्हणलं. दहाव्या दिवशी टाकीवर दहीभात ठेवला. कावळा लगेच शिवला. खऱ्या वेळेला त्यानं दुपारपस्तोर ताटकळत ठेवलं होतं.

नातीनं परत तोंड बनवायला घेतलं. नाक तेच, रेघ तीच. मी म्हणलं, "हे त्यांचे भाऊ वाटायलेत."

"आबाला भाऊ होता?"

"न्हाई."

"पहिल्याचा फोटो असंल की तुझ्या फोनात," मी म्हणलं. तिनं मान खाली घातली. म्हणली, "रोजच समोर होते की, आज्जी."

मैत्रीण म्हणती, गेममधी पडलेला माणूस पडला तिथंच राहतो, आन त्या चंद्रावर कोणालाबी जाता येतंय. आमचं जहाज लय लांब आलं, परतायला तेल न्हाई. मेंढरू मजेत हाय.

म्हणून हे लिहून घेतलंय. तुमी हा गेम खेळत असाल आन खणलेल्या बरफाच्या खड्ड्याजवळ एक म्हातारा माणूस आडवा दिसला, नाक जरा डावीकडं वाकलेला, तर त्यांना उचलू नका. काचेवरचा बरफ तेवढा पुसा, त्यांच्या तोंडाचा एक फोटो काढा, आन आमाला द्या.