मागच्या बाजूची जाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. समोरच्या अर्धवट इमारतीवरची हिरवी सुरक्षाजाळी वाऱ्यानं फुगायला लागली, की मी खिडकी लावून घेतो.

आम्ही बांधत होतो त्या इमारतीचा शेवटचा स्लॅब झाला, तेव्हा कंपनीनं वस्तीतल्या मुलांना दप्तरं वाटायचं ठरवलं. पाहुणे येणार, आणि दर्शनी जाळी फाटलेली. साइट इंजिनिअर मी. मागची सोडवून पुढे लावा, म्हणालो.

"साहेब, मागं आमी काम करतोय," स्लॅबखालच्या फळ्या काढणारा सेंट्रिंगवाला बाबूराव म्हणाला. "पडलो तर फोटोत तरी घ्याल का?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढे टाळ्या चालू असतानाच तो मागच्या बाजूनं खाली पडला आणि जागीच गेला.

जपणारी वस्तू मिरवायची झाली, की ती कुणाला जपते हेच माणूस विसरतो. आता कुठेही नीट ताणलेली जाळी दिसली, की तिच्या पाठीमागे काय असेल हाच विचार येतो.

चौकशीत मी सांगितलं, त्याचाच तोल गेला. त्याची बायको अजून म्हणते, "धांदरटच होते ओ आमचे मालक."

तो धांदरट नव्हता. जाळी मी काढायला लावली होती. हे तिला सांगायचं देणं मी अजून लागतो.