गुणाजी उठून उभे राहिले

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलासाठी सांगून आलेली मुलगी लष्करी इस्पितळात नर्स आहे हे कळल्यापासून विक्रोळीच्या रुक्मिणीबाईंच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. सत्ताविशी आली तरी बिनलग्नाची राहिलीच कशी? परक्या पुरुषांची अंगं पुसणारी बाई घरात धड नांदेल? त्यांचा अनंत कारखान्यात फिटर. त्याला फोटो पसंत होता. पण रुक्मिणीबाईंनी मनाशी ठरवलं होतं, घाटकोपरला मुलीच्या घरी जायचं, खोट काढायची आणि नकार कळवायचा.

नवरा गुणाजी पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांना बाईंनी खोदून खोदून विचारलं, "ह्यो नर्शी कशो असतत हो?"

"बऱ्यो असतत," गुणाजी तंबाखू मळत म्हणाले. एवढंच! मग तर संशय दुणावला.

अनंतची कारखान्यात पाळी होती, म्हणून दोघंच गेली. सुगंधा पोहे घेऊन आली. नखं बारीक कापलेली, पाठ ताठ, नजर सरळ समोर. रुक्मिणीबाईंनी तीन उणिवा तिथंच टिपल्या. तिचे वडील कौतुकानं म्हणाले, "ही आमची लेफ्टनंट."

तसे गुणाजी ताडकन उठले. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर. रुक्मिणीबाईंची बशी कलंडली. हा माणूस आरतीलासुद्धा भिंतीला टेकून उभा राहतो!

"तुमी हिका आदी खंय बघलात?" त्या दात आवळून पुटपुटल्या.

"खंयच नाय. अगो, ती अधिकारी. मी हवालदार. बसान रवतलंय काय?"

"बसा ना काका," सुगंधा हसून म्हणाली. तेव्हा कुठे ते टेकले. रुक्मिणीबाईंना हेच जास्त झोंबलं. बायकोच्या सांगण्यावरून हा माणूस संसारात कधी ढिम्म हलला नव्हता.

"लग्नानंतर नोकरीचा काय?" त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला.

"सोडावी लागते. लष्करी नर्ससाठी तसा नियमच आहे."

रुक्मिणीबाईंचा जीव भांड्यात पडला. इस्पितळ सुटलं तर पोरगी वाईट नव्हती. नकार त्यांनी गिळून टाकला. "मगे बरा झाला! आमका पसंत आसा."

"म्हंजे लगीन झाल्यार ती अधिकारी रवाची नाय, मी बसान रवलंय तरी चलात," गुणाजी म्हणाले. त्यांनी गंमत केली होती. पण सुगंधा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"काकू, लग्नासाठी अनंतरावांना कारखाना सोडावा लागेल?"

"त्येका कित्याक?"

"मग मला हे लग्न नको," ती म्हणाली. वडील गडबडले, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

परतताना रुक्मिणीबाई वाटभर चडफडल्या. आगाऊ पोरगी! आम्ही होकार दिला आणि ही आम्हालाच नाकारते?

घरी येऊन त्यांनी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आल्या. गुणाजी चटईवर पाय पसरून बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला. रुक्मिणीबाईंनी कप दिला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, ते उठतात का याची जरा वाट बघत.

"काय झाला गो?"

"काय नाय," त्या म्हणाल्या, आणि वाकून कप त्यांच्यापुढे ठेवला.