ओलं गोणपाट

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात भाजी निवडत बसले होते. धरणगावला पोहोचले तोवर अंगणात तिरंगा आला होता आणि एका पुढाऱ्याने भाषणही ठोकायला घेतलं होतं. ‘या सिंहाने एकाहत्तरच्या लढाईत शत्रूला धूळ चारली...’ नाना माझे सख्खे काका, फौजेतले हवालदार. कानावर पडलं असतं तर म्हणाले असते, “याले कोनी तरी खाली बसाडा रे.” मला आधी हसू आलं, मग रडू आवरेना. आता महिना होत आला, पण त्या पुढाऱ्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. माणूस गेला की लगेच त्याचा सिंह करायची कसली घाई असते लोकांना!

थंडी पडली की आमच्या मळ्यात भरिताची पार्टी ठरलेली. कपाशीच्या वाळल्या काड्या रचायच्या आणि त्यावर हिरवी वांगी भाजायची. हे काम नानांचं. मात्र भिजवलेलं गोणपाट शेजारी असल्याशिवाय ते काडी ओढत नसत. वांगी उतरली की गोणपाट आगीवर टाकून धूर पार मारायचे, आणि मगच सगळ्यांना जेवायला बसवायचे. स्वतः भरिताला बोटही लावायचे नाहीत. “नाना, लढाई संपली, बसा आता!” अशी आम्ही चेष्टा करायचो. ते नुसते आभाळाकडे बघत राहायचे.

काही वर्षांपूर्वी जळगावला त्यांचा सत्कार होता. ‘तरुणांना रणनीती सांगा’ असा आग्रह झाला आणि ते व्यासपीठावरून उठून सरळ घरी आले. मी चिडले, चारचौघांत असं करतात का म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ते बोलले...

पूर्व बंगालच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या पोरांना शिकवायला त्यांना धाडलं होतं. लुंगी नेसून ते पोरांबरोबर सीमेपलीकडे गेले. पोरांकडे तोफा नव्हत्या, गाड्या नव्हत्या, म्हणून नानांची शिकवण साधी होती. ठाण्यावर चालून जायचं नाही, ठाण्याकडे जाणारा पूल उडवायचा. एकदा मारलं की तिथे रेंगाळायचं नाही, आल्या वाटेने परतायचं नाही. त्या पोरांचा म्होरक्या होता जलील नावाचा शाळामास्तर. त्याने ते सगळं धड्यासारखं पाठ करून घेतलं होतं.

ठरल्याप्रमाणे शत्रूचा पहिला ट्रक पुलासकट उडाला. पेटलेली माणसं पाण्यात उड्या घेत होती आणि पोरं काठावरून त्यांना टिपत होती. एक शिपाई चिखलातून वर चढला आणि संगीन रोखून नानांवर धावला. नानांच्या रायफलीतल्या गोळ्या संपल्या होत्या. त्यांनी दस्त्याने त्याचं डोकं फोडलं, तो निपचित पडेपर्यंत फोडलं. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

हलला तो पुढे. पहाटे सगळे एका बांबूच्या बनात लपले. दाट धुकं होतं, पोरं उपाशी होती, आणि बनाला लागूनच वांग्यांचं शेत. बांधावर तागाच्या वाळल्या काड्यांचा ढीग. जलील मास्तर म्हणाला, “हवालदारसाहेब, आमच्याकडेही वांगं भाजूनच खातात.” नानांना धरणगाव आठवलं. धुक्यात धूर कुणाला दिसतोय, असं म्हणून त्यांनी आग लावायला सांगितली. मास्तरने पहिलं वांगं त्यांनाच सोलून दिलं, तुम्ही पाहुणे म्हणून. पहिला घास तोंडात असताना ऊन पडलं, धुकं उठलं... आणि बनावर धुराचा सरळ खांब उभा दिसला. चिखलात पडलेलं एक गोणपाट उचलून नाना आगीकडे धावले, तोच उखळी तोफेचे गोळे आले. बांबू उभेच्या उभे चिरले, पोरांचे हातपाय फांद्यांना लटकले. मास्तरचं पोट फाटून आतडी राखेत पडली होती. आग विझवायला उचललेलं ते गोणपाट नानांनी त्याच्या तोंडावर पांघरलं.

“बठ्ठी चूक मनी शे,” सगळा दोष स्वतःकडे घेत नाना म्हणाले. “त्यासले जे शिकाडं, ते मीच इसरनू.”

“लढाईत होतं असं, नाना,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“लढाईमा नही व्हयनं ते,” ते म्हणाले. “चुल्हापाशी व्हयनं.”

शेवटच्या आजारात जळगावच्या दवाखान्यात त्यांनी भरीत मागितलं. मला वाटलं, चुकून मागत असतील. तरी चुलतभावाच्या घरी गॅसवर वांगी भाजली आणि डबा घेऊन गेले. घास तोंडाशी नेऊन ते थांबले.

“धूर मारा ना, बेटी?”

“मारला, नाना.”

मग त्यांनी तो घास खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. दुसरा मागितला नाही. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले.

यंदा मळ्यात पार्टी नाही. परवा मी एकटीच गेले होते. विहिरीजवळच्या खोलीत त्यांचं गोणपाट खुंटीवर लटकत होतं. हिवाळ्यात ते कधी कोरडं राहत नसे, या वेळी हात लावला तर कडकडीत वाळलेलं. आसपास कुठे आग नव्हती. तरी मी ते विहिरीवर नेलं, चांगलं भिजवलं आणि पुन्हा खुंटीवर टांगून आले.