कोपरा फाडलेली तीस कार्डं

त्या वर्षी मी तीस पोस्टकार्डांचे कोपरे फाडले. स्वतःच्या हातानं, पट्टी लावून, अगदी एकसारखे. आज सांगायलाही लाज वाटते. तेव्हा मात्र स्वतःवर जाम खूश होतो.

चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला मोठ्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहून मी नाटकं लिहीत होतो. नाटकं कसली, एक पुरं केलं होतं, तीन अंकी, विनोदी. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. त्यासाठी गावची मंडळं पोळ्यापासून नवं पुस्तक शोधत असतात. भावानं मला बजावून ठेवलं होतं, "या मंडईले तुहं नाटक लागलं तं ठीक. नाई तं मुकाट्यानं ठेकेदाराकडं मुनशी म्हणून लाग." तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस.

आदल्या साली मी मंडळांच्या अध्यक्षांना साधी कार्डं टाकली होती. प्रत्येकाला त्याच्या नावानं, गावाची चार शब्दांत तारीफ करून. एकाचंही उत्तर नाही. येतं कार्ड, कोणीतरी कौलात खोचतं आणि विसरून जातं. मग मी डोकं चालवलं. कोपरा फाडलेलं कार्ड कोणी कौलात खोचत नाही. मयतीची खबर तशा कार्डानं येते, ते घरातसुद्धा नेत नाहीत, दारात उभ्या उभ्या वाचतात. म्हटलं, एकदा वाचलं की घाबरलेला माणूस हसेल, आणि हसला की नाटक माझंच. वा रे शहाणा.

एका गावाहून उत्तर आलं, चिमूरच्या बाजूचं. "नाटकाबद्दल बोलायचं आहे. ताबडतोब या." मी इस्त्रीचा सदरा घातला, नाटकाची वही पिशवीत घातली आणि बस धरली.

अध्यक्षांच्या अंगणात पाय ठेवला. मंडळाचे दोघंतिघं भिंतीला टेकून उभे. कोणी बस म्हणेना. ओसरीवर एक बाई गुडघ्यात मान घालून बसलेली. पंचा खांद्यावर टाकलेले अध्यक्ष, गाव त्यांना भाऊच म्हणे, पुढे आले आणि माझं कार्ड त्यांनी माझ्याच हातात दिलं.

"हे तुहं?"

"हो, भाऊ."

"माह्या बायकोले वाचता येत नाई. मी वावरात होतो. पोस्टमननं कार्ड तिच्या हातात देल्लं अन् सायकल काढली. आमची एकुलती एक पोरगी धानोऱ्याकडं देल्ली हाय. सातवा महिना हाय तिले." भाऊंचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मी येऊन वाचून दाखवलं. मास्तरनं वाचलं. माहा भाऊ धानोऱ्याले जाऊन पोरीले पाहून आला, बरी हाय म्हणे. पण ही म्हणते, सारे मले खोटं सांगून राह्यले. पोरीले या हालतीत एवढ्या दूर आणता येत नाई. दहा दिवस झाले, हिच्या पोटात अन्न नाई. आता तुनं लिवलं, तूच वाच."

मी वाचायला लागलो. "आपल्या रसिक गावासाठी खास. पोट धरधरून हसाल." स्वतःचे शब्द इतके घाणेरडे मला कधी वाटले नव्हते. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

बाईंनी मान वर केली. डोळे सुजलेले. "हा बी तुमचाच माणूस," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि परत मान खाली घातली.

भिंतीजवळचा एकजण दोन पावलं पुढे आला. मार बसणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, बसला असता तर बरं वाटलं असतं. पण बाई तशाच राहिल्या असत्या. पिशवीत दोन कोरी कार्डं आणि तीच पट्टी होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. एक कार्ड काढलं, पट्टी लावली आणि तसाच कोपरा फाडला.

बाईंनी पाहिलं. हात पुढे केला. मी जुनं कार्डही दिलं. दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून त्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"आता कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाई. तेव्हाही कोणी मेलं नव्हतं. भाऊंनी कार्ड वाचावं म्हणून मीच कोपरा फाडला होता."

बाई तोंडाला पदर लावून रडल्या, दहा दिवसांचं एकदम. भाऊ त्यांच्याजवळ जाऊन बसले. आतून कोणीतरी भाताची थाळी आणली. पहिला घास हातात घेऊनच बाई मला म्हणाल्या, "मंग दहा दिवस माह्या पोरीले काऊन मारून ठेवलं तुनं?"

नाटकाचं कोणी काढलं नाही, मीही नाही. भाऊंनी हातानंच जायला सांगितलं.

फाट्यावर येऊन मी पिशवीतली यादी काढली. अजून एकोणतीस नावं होती. चंद्रपूरची गाडी आली, थांबली, गेली. यादीतलं सगळ्यात जवळचं गाव दोन कोसांवर होतं. मी तिकडे चालायला लागलो. तिथल्या अध्यक्षांची पोरगी कुठे दिली होती, मला माहीत नव्हतं.